चारशे दहा ग्रॅम

१

दुपारचे पावणेतीन झाले की शीला तांडेल आधी खिडकीचा काळा पडदा ओढून घ्यायची, मग दाराचा. मग भिंतीवरचा जुना एसी सुरू करायचा, तो तीनदा खाकरून चालू झाला की स्टुलावर बसून हात कोरडे पुसायचे आणि बरोबर तीनला लेझरचं बटण दाबायचं. त्याआधी लेझर तिला मिळतच नसे. सकाळभर बी.एस्सी.च्या पोरांची प्रॅक्टिकलं चालत, आणि डोंबिवली पूर्वेच्या त्या कॉलेजात लेझर एकच होता.

लॅब म्हणजे जिन्याखालची भांडाराची खोली. रिकामी करून, चुना मारून तिचे मार्गदर्शक डॉक्टर आठल्ये यांनी ती संशोधनासाठी मिळवली होती. मानपाड्याकडून येणारे ट्रक गेले की जमीन थरथरायची, म्हणून मध्ये वाळू भरलेली मोठी पेटी, तिच्यावर स्कूटरच्या हवा भरलेल्या ट्यूबा आणि त्यांवर कडाप्प्याची लादी असं टेबल बनवलेलं. या टेबलावर शीलाची सहा वर्षं चालली होती.

प्रयोग सांगायला सोपा होता. केसाएवढी बारीक काचेची तार. तिच्या एका टोकातून लाल प्रकाश आत जायचा, दुसऱ्या टोकातून बाहेर पडून समोरच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर त्याचा ठिपका पडायचा. वाटेत ही तार पितळेच्या दोन पट्ट्यांमध्ये धरलेली. पट्ट्यांवर अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरवर बारीक चऱ्या पाडलेल्या, कंगव्याच्या दातांसारख्या. वरच्या पट्टीवर वजन ठेवलं की तार त्या चऱ्यांत दबून नागमोडी व्हायची आणि पुठ्ठ्यावरचा गोल ठिपका मधोमध दुभंगायचा, भिजलेल्या हरभऱ्याच्या दोन डाळी सुट्या व्हाव्यात तसा. प्रकाश तोच, नुसती चाल बदलते, असं आठल्ये सर सांगत. या चालींनाच ते मोड म्हणत. किती वजनाला किती प्रकाश एका मोडमधून दुसऱ्यात जातो, त्याचा आलेख काढायचा. टेलिफोन खात्यात आता याच तारा येणार होत्या, त्यामुळे विषयाला वजन होतं.

शीला बाळकुमच्या कोळीवाड्यातली. एकोणतीस वर्षांची. एम.एस्सी. होईतो लग्न नको म्हणाली आणि नंतर कुणी विचारलं नाही. फेलोशिपची मुदत मार्चअखेर संपत होती. जूनमध्ये विभागात कायम जागा एकच भरायची होती, आणि सरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं की प्रबंध हातात असला तरच ते तिचं नाव पुढे करतील.

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडलं, त्या दिवशी तिने नेहमीप्रमाणे लेझर सुरू केला. पट्टीवर काही नव्हतं. पुठ्ठ्यावर ठिपका गोल पडायला हवा होता.

तो दुभंगलेला होता.

२

तिने पट्टी उचलली, ठिपका गोल झाला. पुन्हा ठेवली, दुभंगला. सुट्टीत धूळ बसली असणार, म्हणून तिने दोन्ही पट्ट्या स्पिरिटने पुसल्या, तार बदलली. दुसऱ्या दिवशी तिसरी तार टाकली. चौथ्या दिवशी पट्ट्या उलट्या लावून पाहिल्या.

मापनयंत्राचा काटा पाहून तिने जुन्या आलेखावरून वजन काढलं. चारशे दहा ग्रॅम. पट्टीवर काहीही नसताना तार चारशे दहा ग्रॅमचा भार सांगत होती. शंभराचं वजन ठेवलं की पाचशे दहा. दोनशे ठेवलं की सहाशे दहा. यंत्र बिघडलेलं असतं तर हिशेब असा चोख जमला नसता, हेच तिला खटकत होतं. बिघाडाला एवढी शिस्त नसते.

तिने सरांना खाली बोलावून दाखवलं. त्र्यंबक आठल्ये पन्नाशीचे, पांढरा बुशशर्ट, बोलणं पुस्तकी आणि स्वच्छ. पाठीमागे हात बांधून ते पुठ्ठ्याकडे पाहत राहिले.

"स्थिर आहे का?"

"हो सर. रोज तेवढंच."

"मग अडचण काय आहे? वजा करून टाका."

"पण सर, ते कशामुळे आहे..."

"मिस तांडेल, कशामुळे आहे हे शोधायला तुमच्याकडे चार महिने आहेत का? स्थिर दोष हा दोष नसतो, ती नुसती वजाबाकी असते. तळटीप द्या आणि पुढे चला."

तिने वहीत नवा रकाना आखला आणि त्यावर लिहिलं: वजा ४१०.

३

डिसेंबरातल्या एका दुपारी वीज गेली आणि दहा मिनिटांनी आली. अंधारात नुसतं बसून शीलाला पेंग आली होती. लेझर पुन्हा उजळला तेव्हा नकळत तिचा डावा हात पट्टीवर टेकला होता, आणि पुठ्ठ्यावरचा ठिपका उडत होता.

नीट पाहिल्यावर तिच्या लक्षात आलं. तो तिच्या नाडीबरोबर उडत होता. तार इतकी हळवी होती की तळव्यातून वाहणारं रक्तही तिला कळत होतं. शीलाला गंमत वाटली. स्वतःच्या हाताचं वजन तिने मांडून पाहिलं, ते तीनशे चाळीस ग्रॅम भरलं. म्हणजे टेबलावर नुसता टेकलेला माणसाचा हात एवढा असतो तर.

आणि मग तिने हात उचलला.

ठिपका थांबला नाही. म्हणजे तिच्या नाडीची उडी थांबली, पण तिच्याखाली दुसरी एक होती, संथ, इतकी बारीक की महिनाभरात तिच्या नजरेला पडली नव्हती. दुभंगलेल्या ठिपक्याच्या दोन पाकळ्या किंचित जवळ येत, किंचित लांब जात. जवळ, लांब.

शीला स्टुलासकट मागे सरकली. जमिनीतून ट्रकचा हादरा येत असेल. एसीचा असेल. तिने एसी बंद केला. खोलीत इतकी शांतता झाली की लेझरच्या डब्यातली गुणगुण ऐकू येऊ लागली. ठिपका हलतच होता.

मग तिने कागदावर आलेख काढणारं यंत्र जोडलं. त्याची लेखणी पुढे सरकणाऱ्या कागदावर खरखरत वरखाली होऊ लागली. शीलाने मनगटावरचं घड्याळ धरून मोजलं. मिनिटाला चौसष्ट. दर चार उंचवट्यांनंतर लेखणी एकदा सपाट जायची. चार ठोके, एक हुकलेला. पुन्हा चार, पुन्हा एक हुकलेला.

ट्रक असा हुकत नाही. एसीही नाही.

रिकाम्या पितळी पट्टीवर चारशे दहा ग्रॅमचा कुणाचा तरी हात टेकलेला होता. हे वाक्य मनात पुरं झालं आणि शीलाने लगेच ते खोडलं. सहा वर्षं भौतिकशास्त्राच्या संशोधनात घालवलेल्या बाईने असली वाक्यं पुरी करायची नसतात. कागद फाडून तिने पर्समध्ये घातला. त्या दिवशीची रीडिंगं मात्र सगळी घेतली, वजा चारशे दहा करून.

४

त्या रात्री बाळकुमच्या घरी जेवताना तिच्या बापाच्या, परशुरामच्या, हातून पाण्याचा तांब्या पडला नाही, काही नाही. चांगला उजव्या हाताने सुकटाचं कालवण ओरपत होता. शीलाची आई भागीरथी मात्र घुश्शात होती.

"ईचार तुज्या बापाला, आज काय केलं त्यानं. जालं इनता इनता सुई पायात मारून घेतली."

"हात झोपतो गो बाय," परशुराम म्हणाला. "दुपारचा. कोनी उचलून न्हेल्यासारखा. हितं लोंबतो, पन माजा नसतो."

"कवापासून?"

"दिवाली झाल्यापासून. दवाखान्यात गेल्तो ना. डाक्तर बोलला, मानेची नस दबते. गोल्या दिल्यान."

"तीनच्या टायमाला व्हतं," भागीरथी म्हणाली. "साडेचारला परत बरा. नस काय घड्याल बगून दबते?"

शीलाचा घास हातात राहिला. आयतवारी होतं का, असं तिने विचारलं. परशुरामने आठवून पाहिलं. नाय, आयतवारी नाय होत. आयतवारी जालं खेचलं ना धाकूसंगती.

जेवण झाल्यावर, सहज केल्यासारखं करत, तिने बापाचं मनगट हातात घेतलं. लहानपणी ती याच माणसाच्या छातीवर कान ठेवून झोपायची, आणि ते हुकणं तिला तेव्हापासून पाठ होतं. तरी तिने मोजलं.

चार ठोके. एक हुकलेला.

"काय गो, डाक्तरीन झालीस का?" परशुराम हसला.

पुष्कळ लोकांची नाडी हुकते, शीलाने मनाशी म्हटलं. चारावर हुकणारे ठाण्यातच हजार निघतील.

५

तरी तिने तपासून पाहिलं. तिला तेवढंच येत होतं.

आईला तिने सांगितलं, आये, बाबांचा हात कधी झोपतो आणि कधी उठतो, ते जरा घड्याळात बघून ठेव, डॉक्टरांना सांगायचंय. भागीरथीला वाचता येत नव्हतं, पण घड्याळ येत होतं. सोमवारी शीलाने लेझर लावलाच नाही, सरांना डोकेदुखी सांगितली. संध्याकाळी आई म्हणाली, आज झोपला नाय. मंगळवारी तिने मुद्दाम उशिरा, तीन चाळीसला लावला आणि पाच मिनिटांत बंद केला.

"आज उशिरा झोपला," भागीरथी म्हणाली. "तीन वाजून चालीस. लगीच उटला पन."

शीलाने ते वहीत लिहिलं. पेन नीट धरलं होतं, अक्षरही नेहमीसारखं आलं. नंतर मोरीत जाऊन तिने बराच वेळ तोंडावर पाणी मारलं.

इथे ती थांबू शकली असती. पुढे आयुष्यभर ती याच ठिकाणी परत परत येऊन उभी राहायची. त्या वेळी मात्र तिच्याकडे कारणं तयार होती. दोन दिवसांच्या निरीक्षणावरून काही सिद्ध होत नाही. दुसरं, हात झोपतो, मरत नाही, साडेचारला परत येतो. तिसरं, रीडिंगं उरली होती फक्त साठ. आणि चौथं कारण ती मनातही उच्चारत नसे: कोळीवाड्यातली पोर डॉक्टरेट घेणार, हे अख्ख्या बाळकुमाला सांगत फिरणारा माणूस तोच होता. तोच म्हणाला असता, घे गो, माजा हात काय, मी डाव्यानं जेवतो.

पण तिने त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं.

त्याऐवजी तिने भरतीओहोटीचं कोष्टक आणलं. ज्या दुपारी पाणी मासेमारीचं, त्या दुपारी ती लेझर लावायची नाही. बाबा घरी असतील त्याच दिवशी लावायचा. सरांना दर वेळी नवीन सबब. अशी जानेवारीअखेर साठांतली बावन्न रीडिंगं झाली. घरी परशुराम दुपारचा ओटीवर बसून राहायचा आणि मांडीवर पडलेल्या आपल्या हाताकडे, पाहुण्याकडे पाहावं तसा बघायचा. एकदा तिने विचारलं, दुखतं का बाबा?

"दुकत नाय. गार लागतं. थंड लोकंडावर ठेवल्यागत. आनि खालून काय तरी टोचतं बारीक बारीक, कंगव्यावानी."

तिने पट्ट्यांबद्दल घरी कधी अवाक्षर काढलेलं नव्हतं.

६

सात फेब्रुवारी, मंगळवार. आदल्या दिवशी अमावास्या झालेली, खाडीला उधाण होतं, दुपारच्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, पाण्याची ओढ जबर असणार होती. कोष्टकात शीलाने त्या तारखेवर फुली मारली होती. निघताना परशुराम पायरीवर जाळं सांधत बसला होता.

"आज जाणार का हो बाबा?"

"पान्याला जोर हाय आज," तो मान वर न करता म्हणाला. "बगू."

कॉलेजात सर तिची वाट पाहत होते.

"मिस तांडेल, आता सबबी पुरे. आठ रीडिंगं राहिली आहेत. टंकलेखनाला तीन आठवडे लागतात. आज संपवलीत तर तुमचा प्रबंध जाईल, नाहीतर जूनची जागा दुसऱ्याला जाईल. मी स्वतः इथे बसतो."

शीला म्हणाली, पट्ट्या साफ करायच्यात. सर म्हणाले, माझ्यासमोर करा. तिने सावकाश पट्ट्या पुसल्या. बगू म्हणजे नाही, असं ती स्वतःला सांगत होती. पाण्याला जोर आहे, म्हणजे जाणार नाहीत. आपल्या बापाच्या तोंडचं 'बगू' म्हणजे जाणंच असतं, हे तिला शाळेत असल्यापासून ठाऊक होतं. तीन वाजून पाच मिनिटांनी तिने बटण दाबलं.

ठिपका दुभंगलेला आला. लेखणी चालू लागली. चार ठोके, एक हुकलेला. शीलाने श्वास सोडला. संथ आहे, म्हणजे घरी आहेत, ओटीवर आहेत. तिने पहिलं वजन ठेवलं, आकडा लिहिला. दुसरं. तिसरं.

तीन वाजून बावीस मिनिटांनी लेखणीचा सूर बदलला. खरखर दाट झाली. मिनिटाला ऐंशी. शंभर. हुकणं बंद झालं, मध्ये जागाच उरली नाही. पुठ्ठ्यावरच्या दोन्ही पाकळ्या थरथरायला लागल्या, मग एक झटका बसावा तशा एकमेकींपासून लांब फेकल्या गेल्या.

"वजन किती ठेवलंत?" सरांनी विचारलं.

"काढलंय सर. काही नाहीये."

काटा सरकत होता. नऊशे ग्रॅम. दीड किलो. दोन. मग आलेख संपला, त्यापलीकडचं तिला वाचता येत नव्हतं. पितळ चर्र वाजलं. दोघांच्या डोळ्यांदेखत वरची पट्टी खाली गेली, टेकलेल्या हातासारखी नव्हे. कडेला धरून कुणी लोंबकळावं तशी एका बाजूला कलती झाली. एसीने गार पडलेल्या त्या धातूवर वाफ धरली. तळव्याएवढा ओला ठसा होता आणि त्यापुढे, पट्टीच्या कडेवरून पलीकडे वळलेल्या, चार ओल्या रेघा.

सर ठशाकडे पाहतच नव्हते. ते पुठ्ठ्यापाशी वाकले होते. पाकळ्यांच्या मधला भाग आता काळा, शाईसारखा झाला होता. गोल ठिपक्याचा मागमूसही नव्हता.

"पूर्ण कन्व्हर्जन," ते कुजबुजले. "शंभर टक्के प्रकाश दुसऱ्या मोडमध्ये. हे आजवर मी फक्त कागदावर... हात लावू नका! लेखणी चालू आहे ना? कशालाही हात लावू नका!"

शीलाचं बोट लेझरच्या बटणावर होतं. दाबलं की झालं. बटण दाबलं की ज्याचं त्याला परत जाणार होतं, हे तिला पक्कं कळलं होतं, आता त्याला कुठलाही पुरावा लागत नव्हता. बोट बटणावर होतं आणि समोर तिच्या सहा वर्षांच्या कामातली सर्वांत सुंदर रेषा कागदावर उतरत होती. आत्ता दाबते, असं तिला वाटत होतं. आत्ता.

मग पट्टी हलक्या आवाजाने वर आली. ठिपका मिटला, गोल झाला. लेखणी कागदाच्या तळाशी जाऊन सरळ रेघ ओढू लागली.

काटा शून्यावर होता.

"वा!" सर म्हणाले. त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. "बघा, तुमचा दोषही गेला. उरलेली पाच घेऊन टाका."

७

त्या उंच रेषेची लांबी कागदावर दहा सेंटिमीटर होती. कागद दहा सेकंदांत एक सेंटिमीटर सरकायचा. शंभर सेकंद.

परशुरामसोबत मासेमारीला जाणाऱ्या धाकूकाकाने पाहिलं होतं. आपल्या होडीत तो दोनशे हात लांब होता, आणि सुकतीच्या विरुद्ध त्याला वल्हवता येईना.

"खुंट्याचं जालं सोडाया वाकला नि गेला," धाकू ओटीवर बसून सांगत होता. "डाव्या हातानं होडी धरली त्यानं. मी वरडलो, परशा, उजव्यानं दोरी पकड, तुज्या तोंडासमोर हाय! दोरी त्याच्या हातात होती रे. बोटांवर होती. मूठच वलत नवती. बराच येल लटकला. हाताकडं बगत होता सारका, जसा काय त्याला हाक मारतोय."

परशुराम दुसऱ्या सकाळी कशेळीच्या पुलाखाली चिखलात सापडला. अंगणात त्याला आंघोळ घालताना शीलाने उजवा हात धरला होता. पाण्यात राहिलेल्या कातडीला सुरकुत्या पडतात, ते तिला माहीत होतं. पण सुरकुत्या वाकड्यातिकड्या असतात. याच्या तळव्यावर मनगटापासून बोटांपर्यंत सरळ, बारीक, समांतर रेघा उठल्या होत्या, एकीला एक लागून, कंगवा दाबावा तशा. त्यांतलं अंतर मोजायला तिला मोजपट्टी लागली नाही. भागीरथी तांब्या घेऊन वळली, तेव्हा शीलाने घाईघाईने ती मूठ मिटवली.

मूठ सहज वळली.

दहावं झालं, पाहुणे गेले. संध्याकाळी भागीरथी चुलीपुढे बसली होती. तिने मागे न बघता विचारलं,

"तू मना घड्याल बगाया का सांगितलंस?"

"डॉक्टरांना सांगायला, आये."

"डाक्तराकडं तर नाय गेलीस मंग."

शीला घासलेली भांडी फळीवर लावू लागली.

"तीन वाजून चालीस. तू वहीत लिवलंस नि मोरीत जाऊन उभी ऱ्हायलीस. मी बगत होते." भागीरथीने लाकूड आत सारलं. "तुज्या कालेजातल्या मशिनीचा नि त्याच्या हाताचा काय समंद होता का?"

"काय नाय आये. काय समंद असणार?"

"नाय ना? मंग बरं."

तिने भाकरी थापली, भाजली, ताटात घातली. ते ताट तिने लेकीच्या हातात दिलं नाही. शीलापासून वीतभर अंतरावर जमिनीवर ठेवलं आणि उठून गेली. पुढची दहा वर्षं, भागीरथी होती तोवर, ते ताट तसंच जमिनीवर ठेवलं जायचं.

८

उरलेली पाच रीडिंगं शीलाने कामावर परतल्याच्या पहिल्याच दिवशी घेतली. ठिपका गोल यायचा, काटा शून्यावर बसायचा, एकही आकडा इकडचा तिकडे झाला नाही. इतकं साफ काम तिच्या हातून कधीच झालं नव्हतं. पट्टीकडे बघत ती जास्तीची पंधरा मिनिटं बसली. हलकीशी पाकळी, एखादी थरथर, काहीही चाललं असतं. आपला हात तिने पट्टीच्या वर नुसता धरून ठेवला, टेकवला नाही. ठिपका गोल राहिला.

प्रबंध मार्चच्या अठ्ठावीस तारखेला गेला. अर्पणपत्रिकेत वडिलांचं नाव होतं. तोंडी परीक्षा मे महिन्यात, वरच्या मजल्यावरच्या खोलीत झाली. परीक्षक पुण्याहून आले होते, वृद्ध आणि बारकाईने वाचणारे. त्यांनी आकृती सतराचं पान उघडून समोर ठेवलं. तीच शंभर सेकंदांची रेषा.

"असाधारण आहे हे," ते म्हणाले. "मोठमोठ्या प्रयोगशाळांतही मी एवढं पूर्ण रूपांतर पाहिलेलं नाही. पुन्हा मिळालं का?"

"नाही सर."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

आठल्ये सर खुर्चीत जरा पुढे सरकले, पण परीक्षकांनी पानं मागे उलटली होती.

"एक शंका आहे. दिवाळीनंतर सात फेब्रुवारीपर्यंत प्रत्येक आकड्यातून तुम्ही चारशे दहा ग्रॅम वजा केले आहेत. तळटीपेत नुसतं 'स्थिर दोष' असं म्हटलं आहे. आणि शेवटच्या पाच रीडिंगांत काहीच वजा नाही. हा दोष गेला कसा?"

खिडकीबाहेर, मानपाड्याच्या बाजूला, कुठल्याशा कारखान्याचा भोंगा वाजला. शीलाने तो संपू दिला.

"बाहेरचं वजन होतं सर. टेकलेलं. माझ्या लक्षात यायला वेळ लागला."

"आणि मग?"

"मग ते काढलं."

परीक्षकांनी मान डोलावली, समासात पेन्सिलने बरोबरची खूण केली आणि पुढचं पान उलटलं.